मुलीच्या हजेरीचे मोल
(वडनेर, तालुका हिंगणघाट, येथील शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळी हिंगणघाटहून वडनेरास येताना महामार्गाच्या दोन्ही अंगांस कापूस फुटलेला दिसत होता. वेचणीस बाया लागल्या होत्या. ओट्या बांधून ओळीने पुढे सरकणाऱ्या त्या बायांमध्ये दोन डोकी इतरांहून बरीच खाली होती. गाडी थांबवून चौकशी करण्याइतका वेळ नव्हता आणि खरे सांगावयाचे तर चौकशीची गरजही नव्हती. आज शाळेचा दिवस आहे. ती दोन डोकी तिसरी-चौथीची असावीत. आपणांपैकी कोणाच्या तरी हजेरीपटावर आज त्या दोन नावांपुढे गैरहजेरीची खूण झाली असेल.

गरीब कुटुंबातील मुलींच्या शिक्षणासाठी शासन जे रोख साहाय्य देते, त्याविषयी मी आज बोलावे अशी सूचना आहे. या विषयावर परिपत्रके पुष्कळ निघतात व आपण ती वाचतही असाल. म्हणून परिपत्रकात जे नसते त्याविषयीच मी अधिक बोलेन.

प्रथम जुनी गोष्ट. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. पंचाहत्तर वर्षांनी, 1992 साली, महाराष्ट्र शासनाने दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि भटक्या-विमुक्त जमातींच्या पहिली ते चौथीतील मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. मुलगी शाळेत आली की दर दिवसास एक रुपया. वर्षाचे कामाचे दिवस दोनशेवीस धरले तर दोनशेवीस रुपये. एकाने न आल्याबद्दल रुपया घेतला, दुसऱ्याने आल्याबद्दल रुपया दिला. मधल्या काळात राज्यकर्त्यांच्या एक गोष्ट ध्यानी आली असावी, ती अशी की, गरिबाच्या घरी मुलीला शाळेत पाठविणे हा नुसता इच्छेचा प्रश्न नसून खर्चाचाही असतो. दंड भरण्यास जवळ काही असावे लागते.

हा खर्च कोणता? शाळेला फी नाही, पुस्तके मिळतात, दुपारी आहार मिळतो. मग खर्च कसला, असे आपल्यातील काही तरुण शिक्षक विचारतात. खर्च आहे तो मुलीच्या हातांचा. कापसाची वेचाई वजनावर मिळते. आईच्या ओटीत मुलीच्या ओटीची भर पडली की संध्याकाळच्या काट्यावर फरक दिसतो. जी मुलगी शेतात जात नाही ती घरी धाकट्या भावंडाला सांभाळते, आणि त्यामुळे आई शेतात जाऊ शकते. म्हणजे तिच्या न दिसणाऱ्या कामावर आईची दिसणारी मजुरी उभी असते. आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यास राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि तीतून नई तालीमचा विचार पुढे आला. त्या विचारात मुलाच्या हस्तोद्योगाला शाळेतच स्थान दिलेले होते. त्यातील स्वावलंबनाच्या कल्पनेशी सर्वांनी सहमत व्हावे असे नाही, मीही पूर्णपणे नाही. परंतु गरिबाच्या मुलाच्या हातांना किंमत आहे आणि शाळेने तिचा हिशेब धरला पाहिजे, एवढे सेवाग्रामच्या त्या मंडळींनी ओळखले होते. आजच्या योजना तीच किंमत बाहेरून भरून देण्याचा प्रयत्न करतात. ती पुरेशी भरली जाते की नाही, हा पुढचा प्रश्न.

एका रुपयाने ती भरली जात नव्हती, हे उघड आहे. पुढे कितीतरी वर्षे त्या रुपयात वाढ झाली नाही, हेही आपणांस ठाऊक आहे. अनुसूचित जातींच्या आणि मागाहून इतर काही प्रवर्गांच्या मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आली. तिचा सुरुवातीचा दर पाचवी ते सातवीस दरमहा साठ रुपये आणि आठवी ते दहावीस दरमहा शंभर रुपये होता, दोन्ही वर्षातील दहा महिने. सहाशे आणि हजार. या रकमांकडे पाहून हसणारे लोक मी पाहिले आहेत. मी स्वतः हसत नाही, आणि त्याचे कारण सांगण्यासाठी मला माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगावी लागेल.

अध्यापक विद्यालयाची पदविका घेऊन मी नोकरीस लागलो तेव्हा उपस्थिती भत्त्याची योजना नवीन होती. शाळा दोन शिक्षकी. भत्त्याची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. नियमाप्रमाणे पंचाहत्तर टक्के उपस्थिती हवी, म्हणजे दोनशेवीसपैकी एकशेपासष्ट दिवस. चौथीतील एका मुलीचे दिवस भरले एकशेअठ्ठावन्न. सात दिवस कमी. मी तिचे नाव यादीतून वगळले. हजेरीपटात खाडाखोड करून दिवस भरून देणारे शिक्षक त्या काळीही होते. आपण तसे केले नाही याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता, हेही कबूल करतो.

पैसे वाटले त्यानंतर आठवड्याभराने तिची आई शाळेत आली. दाराशीच उभी राहिली. मला वाटले पैशासाठी आली असेल, म्हणून मी नियम सांगू लागलो. ती म्हणाली, “पैशाचं काही नाही जी गुरुजी. पन यादीत नाव नाही म्हणून पोरीचा बाप म्हणते, सरकारनंच हिचं नाव कापलं. आता इले शाळेत कायले धाडाचं?”

मी तिला समजावले. नाव शाळेतून कापलेले नाही, फक्त भत्त्याच्या यादीत नाही, असे पुन्हा पुन्हा सांगितले. तिने मान डोलावली. पुढे जूनमध्ये शेजारच्या गावी पाचवीत जाणाऱ्या मुलींच्या दाखल्यांत तिचा दाखला नव्हता. ती न गेल्याचे कारण केवळ माझी यादी होते असे मी म्हणत नाही. गरिबाच्या घरी कोणत्याही गोष्टीला एकच कारण क्वचित असते. परंतु बापाच्या मनात जो तराजू होता, त्याच्या एका पारड्यात मी अजाणता सात दिवसांचे वजन टाकले, एवढे खरे. त्या दिवशी मला कळले की, दोनशेवीस रुपयांचे मोल त्या घरी दोनशेवीस रुपयांइतके नव्हते. सरकारच्या कागदावर आपल्या मुलीचे नाव आहे आणि ती शाळेत जाते म्हणून ते आहे, हे त्या रकमेचे खरे मोल होते.

आता कोणी विचारील की, मग करावयास काय हवे होते? दिवस भरून द्यावयाचे होते काय? मुळीच नाही. खोटी हजेरी ही मुलीचीच फसवणूक आहे, कारण पटावर जी रोज हजर दिसते तिला शोधण्यास कोणी जात नाही. चूक मार्चमध्ये झाली नव्हती, ती नोव्हेंबरात झाली होती. दोनशेवीसपैकी पंचावन्न दिवस गैरहजर राहूनही मुलगी पात्र ठरते. हा पंचावन्नचा आकडा त्या आईला कोणीच सांगितला नव्हता. तिने वेचणीत ते दिवस सढळपणे खर्च केले आणि माघ-फाल्गुनात दोनदा ताप आला तेव्हा हाती काही उरले नव्हते. दिवाळीची सुट्टी संपताच मी तिच्या घरी जाऊन सांगितले असते की, बाई, हिचे इतके दिवस गेले, आता इतकेच उरले, तर तिने हिशेब केला असता. मजुरी करणाऱ्या बाईला हिशेब येत नाही असा समज आपण सुशिक्षितांनी करून घेतला आहे. वास्तविक ती रोज काट्यासमोर उभी असते.

काही जण म्हणतील की, शिक्षकाने पालकाला गैरहजेरीचे दिवस मोजून द्यावेत हे कसे शोभते? आक्षेप योग्य आहे. मलाही मुलगी दोनशेवीस दिवस यावी असेच वाटते. परंतु जी मुलगी आज ऐंशी दिवस चुकवते ती उद्या पंचावन्नच चुकवू लागली, तर पंचवीस दिवस शाळेचे वाढले. मी ते घेईन.

उपस्थितीची अशी अट घालावी की नाही, याविषयी इतर देशांतही पुष्कळ विचार झाला आहे. मेक्सिको देशाने 1997 साली प्रोग्रेसा नावाची मोठी योजना काढली. पैसा आईच्या हाती द्यावयाचा, मुलाची उपस्थिती पंच्याऐंशी टक्के हवी, आणि माध्यमिक वर्गांत मुलींना मुलांपेक्षा अधिक रक्कम द्यावयाची, कारण मुलीची गळती त्याच वयात अधिक होते. पुढे नावे बदलत ही योजना 2019 पर्यंत चालली. बांगलादेशाने 1994 पासून ग्रामीण भागातील माध्यमिक शाळांच्या मुलींना विद्यावेतन दिले. तेथे पंचाहत्तर टक्के उपस्थिती, परीक्षेत पंचेचाळीस टक्के गुण आणि शालान्त परीक्षेपर्यंत अविवाहित राहणे अशा तीन अटी होत्या. आणखी एक गोष्ट त्यांनी केली, ती मला विशेष महत्त्वाची वाटते. पैसा मुलीच्या स्वतःच्या बँक खात्यात जाई. उलट आफ्रिकेतील मलावी देशात झोम्बा जिल्ह्यात 2008-09 साली एक प्रयोग झाला. काही मुलींना उपस्थितीच्या अटीवर आणि काहींना कोणत्याही अटीविना पैसे दिले. शाळेतील प्रगती अट असलेल्या मुलींत अधिक दिसली. परंतु अल्पवयातील विवाह आणि मातृत्व विनाअट पैसे मिळालेल्या मुलींत अधिक घटले, कारण शाळा सुटलेल्या मुलीलाही तो आधार मिळत राहिला. अट शाळेला उपयोगी पडते; परंतु जी अटीत बसत नाही तीच बहुधा सर्वांत गरजू असते. माझ्या त्या एकशेअठ्ठावन्न दिवसांच्या मुलीची आठवण मला हा प्रयोग वाचताना झाली.

आता आपल्या राज्यातील आजच्या योजनेकडे वळतो. 2023 च्या ऑक्टोबरात शासनाने ‘लेक लाडकी’ योजना मंजूर केली. 1 एप्रिल 2023 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या आणि पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांतील मुलींसाठी ती आहे. जन्मानंतर पाच हजार, पहिलीत सहा हजार, सहावीत सात हजार, अकरावीत आठ हजार आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर पंचाहत्तर हजार, असे एकूण एक लाख एक हजार रुपये मिळावयाचे आहेत. अर्ज अंगणवाडी सेविकेमार्फत होतो. उत्पन्नाची मर्यादा वार्षिक एक लाख आहे.

आपण म्हणाल, हे काम महिला व बालविकास खात्याचे, शाळेचा यात संबंध काय? हिशेब करून पाहा. 2023 च्या एप्रिलनंतर जन्मलेली पहिली तुकडी 2029 च्या जूनमध्ये आपल्या पहिलीत येईल. 2034 मध्ये सहावीत, 2039 मध्ये अकरावीत, आणि 2041 मध्ये तिला अठरा वर्षे पूर्ण होतील. मी तोवर केव्हाच सेवानिवृत्त झालेलो असेन. येथे मागच्या बाकांवर बसलेले तरुण शिक्षक मात्र तेव्हाही सेवेत असतील. पाचांपैकी तीन हप्ते मुलगी कोणत्या वर्गात आहे यावर अवलंबून आहेत आणि तो पुरावा शाळाच देणार. जन्मतारखेत एक अंक चुकला, आईचे नाव शिधापत्रिकेवर एक आणि दाखलखारिज नोंदवहीत दुसरे लिहिले गेले, तर अठरा वर्षांनंतर कोण धावपळ करील? वडील नव्हे, ती मुलगीच. तेव्हा पहिलीत नाव घालताना जन्मदाखला, शिधापत्रिका आणि आधार समोर ठेवून नोंद करावी. घाईत केलेली नोंद शिक्षकाला पाच मिनिटे वाचवून देते आणि मुलीचे पाच महिने घेते.

शेवटच्या पंचाहत्तर हजारांविषयी मला थोडी चिंता वाटते, ती बोलून दाखवतो. हरियाणा राज्याने 1994 साली ‘अपनी बेटी अपना धन’ नावाची योजना काढली. मुलीच्या नावे अडीच हजारांचा रोखा, अठराव्या वर्षी ती अविवाहित असल्यास पंचवीस हजार. 2012 पासून हे रोखे वटू लागले. अभ्यासकांनी पाहिले तेव्हा मुली शाळेत काहीशा अधिक टिकल्या होत्या, परंतु अठरानंतर विवाह पुढे ढकलला गेला असे दिसले नाही. मिळालेली रक्कम अनेक घरांत विवाहाच्याच खर्चास गेली. अठरावे वर्ष हे कायद्याने विवाहाचे वय, आणि त्याच वर्षी हाती मोठी रक्कम! बापाला ती सरकारने दिलेली लग्नाची मदत वाटावी यात नवल नाही. यावर उपाय कायद्यात नाही, बोलण्यात आहे. सहावीचा हप्ता मिळेल तेव्हाच आपण घरी सांगावे की, शेवटची रक्कम ही हिच्या परिचारिका प्रशिक्षणाची आहे, पदविकेची आहे, वसतिगृहाची आहे. पैशाला आधी नाव दिले की तो त्या नावाने वाट पाहतो. नाव दिले नाही, तर गावाने पूर्वीपासून दिलेले नाव त्याला चिकटते.

आता अगदी व्यवहाराच्या गोष्टीकडे येतो. गेल्या हिवाळ्यात एका शाळेच्या तपासणीत सातवीच्या मुलींना मी विचारले, “तुमच्यापैकी शिष्यवृत्ती कोणाला मिळते?” सहा हात वर आले. “खात्यात किती रुपये आहेत?” एकही हात वर राहिला नाही. पासबुक कोठे आहे? बाबांच्या पेटीत, मामाकडे, आणि एकीच्या मते ‘सरांकडे’. पैसा तिचा, खाते तिचे आणि तिला त्यातील काही ठाऊक नाही. याला सबलीकरण म्हणता येणार नाही. रक्कम वाटपाच्या अहवालात मात्र ती सहाही नावे ‘लाभ दिला’ या रकान्यात व्यवस्थित होती.

दहा वर्षांवरील मुलामुलींना आपले बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने 2014 पासून बँकांना दिलेली आहे. त्याविषयीच्या सुधारित सूचना 2025 मध्ये पुन्हा निघाल्या. मर्यादा किती ठेवावी हे बँक ठरवते. दुसरी गोष्ट, दोन वर्षे व्यवहार न झाल्यास खाते निष्क्रिय होते असा सर्वसाधारण नियम आहे. परंतु शिष्यवृत्तीसाठी वा शासकीय योजनेच्या लाभासाठी शून्य शिलकीवर उघडलेल्या खात्यांस तो लागू करू नये, अशी सूचना 1 एप्रिल 2024 पासून अमलात आहे. शाखेत कोणी वेगळे सांगितले तर शिक्षकाने नम्रतेने ही सूचना दाखवावी. त्यासाठी मुलीच्या आईला दोनदा परत पाठवू देऊ नये. तिची तालुक्याची एक फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी. लहानशा शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला आणि बँक अशा फेऱ्या झाल्या की शिष्यवृत्तीतील उरते काय? म्हणून माझी विनंती आहे की, गावातील पाच-सहा पालकांचे कागद एकत्र तपासून, अपुरे काय आहे ते आधीच लिहून द्यावे, म्हणजे फेरी एकच होईल. 2024 च्या जुलैपासून सुरू झालेल्या ‘लाडकी बहीण’ योजनेमुळे पुष्कळ मातांची आधारशी जोडलेली खाती आता तयार आहेत. त्या बायांना बँकेची पायरी ठाऊक झाली आहे. ही संधी वाया घालवू नये.

पाचवी ते सातवीच्या शिक्षकांनी व्याजाचा पाठ शिकविताना मुलींना आपापले पासबुक आणावयास सांगावे. जमा कोणती, नावे कोणते, व्याज केव्हा पडले, ते तिने स्वतः वाचावे. पैसे काढण्याची चिठ्ठी फळ्यावर आखून भरून घ्यावी. पासबुकातील आकडे मात्र मोठ्याने वाचून घेऊ नयेत. कोणाच्या घरी किती आहे, हा वर्गात चर्चेचा विषय नव्हे.

आठवीच्या मुलींसाठी आणखी एक. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेत निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववी ते बारावी दरमहा एक हजार, म्हणजे वर्षास बारा हजार रुपये मिळतात. त्या जुन्या साठ आणि शंभर रुपयांच्या तुलनेत ही रक्कम घराचा निर्णय बदलण्याइतकी आहे. परंतु तिची तयारी आठवीत सुरू करून भागत नाही. सातवीत ज्या मुलीचे गणित पक्के आहे तिला तेव्हाच हेरावे. आणि केवळ हुशार म्हणून नव्हे, तर मोठी बहीण सातवीनंतर घरी बसली आहे अशी जी असेल, तिला अगोदर हेरावे. बाहेरगावी जावे लागते म्हणून शाळा सुटणार असेल, तर अहिल्याबाई होळकर योजनेतील एसटीच्या मोफत पासची आठवण घरी करून द्यावी. पास आहे परंतु गाडी वेळेवर नाही, अशी तक्रार काही गावांची आहे. ती लेखी कळवावी, मी पाठपुरावा करीन.

अध्यक्ष महाराजांनी घड्याळाकडे पाहिले आहे. चहापानानंतर प्रत्येक शाळेस मी एक कोरा तक्ता देणार आहे. त्यात तिसरी ते सातवीच्या ज्या मुलींची गैरहजेरी दिवाळीनंतर दहा दिवसांहून अधिक झाली आहे, त्यांची नावे, आजवर भरलेले दिवस, आईशी भेट झाल्याची तारीख आणि आईने काय सांगितले, एवढे चार रकाने आहेत. चौथा रकाना तिच्याच शब्दांत भरावा. तक्ते पुढील शनिवारी केंद्रप्रमुखांकडे द्यावेत. रस्त्याकडेच्या ज्या शेतात मी आज दोन मुली पाहिल्या, ते शेत वडनेरच्या अलीकडे उजव्या हातास आहे. तेथील शाळेच्या शिक्षकांनी जाताना मला जरा भेटावे.